डेनॉन एक्स१७००एच आणि केफ क्यू१५०: घोडबंदरच्या हॉलला ही जोडी पुरते का?

एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकर चालवणारा ॲम्प, घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ‘किती वॉट?’ आणि उत्तर तयारच: ‘एकशे पंचेचाळीस, साहेब.’ डेनॉन एव्हीआर-एक्स१७००एचचा हा आकडा खोटा नाही. पण तो ६ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती विरोध करतो त्याचं माप), एकच चॅनेल, म्हणजे एकाच स्पीकरचा मार्ग चालवून, आवाजाची १० टक्के विकृती चालवून घेऊन काढलेला आहे. कामाचा आकडा वेगळा: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, ०.०८ टक्के विकृती, ८० वॉट. सगळ्याच चॅनेलनी एकदम ओढलं की तोही उतरतो, कारण सगळ्यांना पुरवठा एकाच ट्रान्सफॉर्मरचा. पुढच्या एक्स१८००एचलाही ८० वॉटच आहेत, तेव्हा पॉवरसाठी म्हणून तो घेऊ नका.

तरी ८० पुरतात. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टू बीएचकेचा हॉल दहा बाय सोळा फूट आणि सोफा स्पीकरपासून अडीच मीटरवर धरू. केफच्या क्यू१५० स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल, म्हणजे १ वॉटला १ मीटरवर ८६. अडीच मीटरवर ८ डेसिबल गळतात, उरले ७८. ८० वॉट दिले की १९ वाढतात: ९७. सिनेमाचा रेफरन्स, म्हणजे थिएटरइतका, आवाज लावला तर एका चॅनेलचं शिखर १०५ पर्यंत जातं, पण घरात लोक त्याच्या १५ ते २० डेसिबल खालीच ऐकतात. ९० च्या शिखराला लागतात फक्त १६ वॉट. वॉट दुप्पट केले की मिळतात जेमतेम ३ डेसिबल, आणि शेजारची बेल त्याआधीच वाजते.

खरी अडचण ओहमची आहे. क्यू१५०वर ८ ओहम छापलंय, पण काही फ्रिक्वेन्सींना इम्पीडन्स, म्हणजे हाच विरोध, ३.७ ओहमपर्यंत खाली येतो. तिथे रिसीव्हरला दुपटीहून जास्त करंट द्यावा लागतो आणि तो तापतो. स्पीकर घेताना म्हणूनच ‘मिनिमम इम्पीडन्स’ची ओळ शोधा. ४ च्या आसपास असेल तर हरकत नाही. ३ पर्यंत घसरणारे थ्री-वे टॉवर (जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर) मात्र या रिसीव्हरला लावू नका. एकाच टर्मिनलवर दोन जोड्या समांतर तर मुळीच नाही.

टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात रिसीव्हर कोंबायची आपल्याकडे सवय आहे. सुताराला सांगून मागची प्लाय कापून घ्या, वर वीतभर जागा सोडा आणि वर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. पॉवरचा दिवा साधारण दोन सेकंदांनी लाल लुकलुकला तर तापलाय: बंद करून तासभर थंड होऊ द्या. अर्ध्या सेकंदाने लुकलुकला तर आधी वायर तपासा. बहुतेक वेळा सुटलेली एखादी तार शेजारच्या टर्मिनलला किंवा मागच्या पत्र्याला टेकलेली सापडते. टोकं पीळ देऊन बनाना प्लगमध्ये बसवली की हा त्रास मिटतो.

वायर शुद्ध तांब्याची घ्या: पुढे दीड स्क्वेअर एमएम, मागच्या स्पीकरला दहा मीटर ओढायची तर अडीच. स्वस्त वायरीत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत करा. ठाण्याच्या पावसाळी दमटपणात तिची उघडी टोकं लवकर काळवंडतात.

ऑडिसी मल्टीईक्यू एक्सटी, म्हणजे रिसीव्हरमधली खोलीनुसार आवाज जुळवणारी सोय, माइकने आठ जागांवरून मोजतं. माइक सोफ्यावर ठेवू नका, ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला धरा, पंखा बंद ठेवा. मोजणी झाल्यावर सेटिंग नजरेखालून घाला: स्पीकर ‘लार्ज’ झाले असतील तर ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झ. खालचा बास सबवूफरच्या स्वतःच्या ॲम्पवर गेला की रिसीव्हरचं ओझं चांगलंच उतरतं. माझ्या मते या जोडीत सबवूफर ऐच्छिक नाहीच.

खटकतं ते एकच: सबवूफर सोडला तर पुढच्या चॅनेलना प्री-आऊट, म्हणजे बाहेरच्या ॲम्पला सिग्नल देणारी सॉकेट, नाहीत. म्हणजे उद्या जड टॉवर आणून वेगळा पॉवर ॲम्प जोडायचा तर वाट बंद. तसा विचार असेल तर थेट एक्स३८००एच बघा, त्यात सगळ्या चॅनेलची प्री-आऊट आहेत.