वॉर्डच्या ड्युटीसाठी जुनी लेडीज सायकल : सहा महिने वापरून

गिअरवाली सायकल घ्यायची म्हणून वाचायला आला असाल तर आधीच सांगतो, ती पण होती माझ्याकडं, दोन महिने, तिचं पुढं येईलच. हा रिव्ह्यू २६ इंची जुन्या लेडीज सायकलचा आहे, फुल चेनकव्हर, पुढं बास्केट, मागं कॅरिअर, रंग कधीकाळी मरून असावा. आणि हो, मी मुलगी आहे, 'गेलो आलो' वाचून गोंधळू नका, कोल्हापुरात आम्ही पोरी असंच बोलतो.

जूनमध्ये राजारामपुरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात जीडीए म्हणून लागलो. जीडीए म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट. पेशंटचे नातेवाईक आम्हाला पण सिस्टरच म्हणतात पण सिस्टर वेगळ्या, त्यांचा नर्सिंगचा कोर्स, दोन वर्षांचं एएनएम नाहीतर तीन वर्षांचं जीएनएम, झालेला असतोय, इंजेक्शन सलाईन सगळं त्यांच्याकडं. आमच्याकडं स्पंजिंग, बेडपॅन, चादरी, पेशंटला भरवणं, टीपीआर (म्हणजे ताप, नाडी, श्वास) घेऊन लिहिणं, युरिन बॅगेत किती एमएल झालं ते चार्टवर टाकणं, आणि ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची दर दोन तासांनी कूस बदलणं, नाहीतर बेडसोर, म्हणजे पडून पडून जखमा होतात. म्हणजे कंबर नि गुडघे हेच आमचं भांडवल, आणि सायकल नेमकी त्यातलंच खाते.

राहायला मी कसबा बावड्यात. लाईन बझार, धैर्यप्रसाद, मग स्टँडवरनं परीख पुलाखालून राजारामपुरी, एका बाजूनं सहाएक किलोमीटर. बसचा टाइम माझ्या ड्युटीला जुळत नाही. गाडी घ्यायची म्हटलं तर हप्ता आला, वर महिन्याला २६ ड्युट्या धरून तीनशेच्या वर किलोमीटर होतात, म्हणजे सात लिटर पेट्रोल, सातशे रुपये तिथंच गेले, हातात येतात साडेनऊ हजार. म्हणून सायकल.

दादा म्हणाला गिअरवाली घे, मजबूत असते. शोरूममधनं बारा हजाराला घेतली, पुढं शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क, दिसायला नाद खुळा. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेन उघडी. तेव्हा काय कळतंय.

पहिल्याच आठवड्यात उशीर झाला म्हणून बावड्यापासनं सुसाट मारली, आठला पाच कमी असताना धापा टाकत वॉर्डात. इनचार्ज सिस्टरनी लगेच सात नंबरच्या आजोबांची पल्स बघायला लावली. मनगट धरलं, घड्याळात बघत पूर्ण मिनिट मोजलं, ११८. सिस्टरचा चेहरा बदलला, त्यांनी स्वतः मोजली तर ७६. मग माझा हात तसाच उचलून मला दाखवला, मी अंगठ्यानं दाबून धरलं होतं. कोर्समध्ये शिकवलेलं होतं की नाडी मधल्या तीन बोटांनी बघायची, अंगठ्यात आपलीच नाडी लागते, पण घाईत कुठलं लक्षात राहतंय. सिस्टर म्हणाल्या, "ही ११८ तुझी हाय गं बाई." आजोबा वरनं म्हणतात, "आमचं ऱ्हाऊ दे, आधी हिलाच ॲडमिट करा." त्या दिवसापासनं मी साडेसातला पोचतो, दहा मिनिटं जिन्याखाली बसतो, पाणी पितो, मग वर.

दुसरा झटका चेनचा. धैर्यप्रसादला चेन उतरली, हातानं बसवली, बोटं काळीकुट्ट. आमच्याकडं हात धुणं म्हणजे नळाखाली बोटं भिजवणं नव्हे, साबणानं ४० ते ६० सेकंद, बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठे, सगळं. तीनदा धुतले तरी नखातलं ग्रीस जाईना, आणि सिस्टरनी हात बघितल्यावर चौथ्यांदा बेसिनवर पाठवलं, पेशंटला नाश्ता भरवायचं काम तेवढ्यात दुसऱ्या मुलीला दिलं. लई वाईट वाटलं. कुणीतरी म्हणालं वॉर्डातले ग्लोव्हज ठेव की बॅगेत चेन बसवायला, तर ते नको हं, वापरलेले कचऱ्याच्या लाल पिशवीत जातात आणि नवे मोजून मिळतात.

मग जुलै. मडगार्ड नसल्यामुळं मागच्या चाकाचा चिखल थेट पाठीवर, मानेपासनं कमरेपर्यंत पट्टा, आकाशी युनिफॉर्मवर तर काय विचारूच नका. परीख पुलाखाली पाणी साठलं की टेंबलाईकडच्या उड्डाणपुलावरनं वळसा. त्यात एका आठवड्यात आमच्या बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं, म्हणजे इशारा पातळी (४३ ला धोका, हे बावड्यातल्या शेंबड्या पोराला पण पाठ असतंय), शियेकडचा रस्ता बंद झाला, तिकडची मुलगी येऊ शकली नाही आणि मला डबल ड्युटी. सकाळी आठला गेलो ते दुसऱ्या दिवशी आठला सुटलो. त्या सकाळी त्या सायकलवर वाकून बसताना कमरेतनं जी कळ आली तेव्हा कळलं की मी सायकल जाताना चालवून बघितली होती, येतानाची बघितलीच नव्हती. शोरूममध्ये तुम्ही ताजेतवाने असता हो.

ऑगस्टमध्ये जुन्या गावातल्या एका बोळात सेकंडहँड सायकलींचं दुकान आहे तिथं घेऊन गेलो. दुकानवाल्या मामांनी माझी सायकल बघितली, मला बघितलं, म्हणाले, "तुला काय रोज पन्हाळा चढायचाय व्हय?" साडेसहा हजाराला तिला घेतलं, ही ३२०० ला दिली, वरचे ३३०० रोख. बारा हजाराचं दोन महिन्यात साडेसहा झालं हे घरी अजून नीट सांगितलेलं नाही.

पण मामांनी एक काम मोलाचं केलं. मला सीटवर बसवलं, पायडल खाली नेऊन पाय बघितला आणि सीट चांगली चार बोटं वर घेतली. मी म्हटलं मामा पाय टेकत नाहीत, तर म्हणे चवडे टेकले की बास, सीट खाली ठेवलीस तर गुडघे जातील. पहिले दोन दिवस भीती वाटली, आता बरोबर वाटतंय, गुडघ्याचा त्रास खरंच कमी झाला. हँडल उंच असल्यामुळं ताठ बसता येतं. पाय मागनं टाकावा लागत नाही, मधनंच चढायचं, नाईट करून आल्यावर याची किंमत कळते. चेनला सहा महिन्यात हात लावलेला नाही. बास्केटमध्ये डबा, कॅरिअरला युनिफॉर्मची पिशवी (युनिफॉर्म मी आता तिथं जाऊनच घालतो आणि घरी येताना वेगळ्या पिशवीत, हे आधीच करायला पाहिजे होतं).

आता वाईट. जड आहे, उड्डाणपुलाच्या चढाला मी सरळ उतरून ढकलतो, त्यात लाज कसली. पावसात ब्रेक जवळजवळ नाहीतच असं समजा, स्टीलची रिम ओली झाली की रबर नुसतं घसरतं, दोन खांब आधीपासनं दाबत यावं लागतं. ट्यूबचा वॉल जुन्या पद्धतीचा, आतली बारकी रबरी नळी कुजली की हवा जाते, तिचा तुकडा मी पर्समध्येच ठेवतो, काही रुपयांत मिळतो. डायनामो होता तो काढून टाकला, एकतर पायडल जड होतं आणि दुसरं म्हणजे सिग्नलला थांबलं की लाईट पण थांबली. आणि आता कारखाना चालू आहे, नाईटला जाताना बावडा रोडवर उसाचे ट्रॅक्टर असतात दोन दोन ट्रॉल्या लावून, गाणी फुल, मागं लाल दिव्याचा पत्ता नाही, वरनं उसाची मोळी लोंबकळतेय. त्यांच्यासमोर अंधारात उभं राहायची माझी तयारी नाही. चार्जिंगची लाईट पुढं एक मागं एक लावली, कॅरिअरला रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवली, सगळे मिळून साडेचारशे.

दुकानाबद्दल एकच तक्रार पण ती मोठी. 'दोन्ही टायर नवे' म्हणून घेतले होते पैसे. पुढचा नवाच आहे. मागच्याला काळं पॉलिश मारलेलं होतं, पहिल्या पावसात धुऊन गेलं आणि खालनं भेगा दिसायला लागल्या, तीन पंक्चर झाली आत्तापर्यंत, त्यातलं एक नाईट सुटल्यावर, स्टेशनपाशी, डोळे मिटत असताना. मामांना जाऊन सांगितलं तर हसून म्हणाले जुन्यात असं चालायचंच. सीट उंच करताना एवढी काळजी घेतलीत नि टायरमध्ये फसवलंत, हे मी त्यांच्या तोंडावर पण बोललो.

सायकलला साडेचार देतो, अर्धा ब्रेकचा कापला. दुकानाला अडीच. पगार झाला की मागचा टायर दुसरीकडनं बसवून घेणार आहे, मामांनी स्वतःहून बदलून दिला तर अडीचचे चार करतो.