‘मूळ नकाशावरून’ म्हणून विकलेली नाळ

युद्धनौकांच्या मोठ्या प्लास्टिक मॉडेलची किट बांधणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. त्यातही ज्यांनी हलचा, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या कवचाचा, आकार सुधारायला करवत हातात घेतली असेल, त्यांनी ती दहा मिनिटं बाजूला ठेवावी आणि हे आधी वाचावं.

मी देवगडचा. शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं. ४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीला नौदल दिन झाला, तेव्हा वाळूत उभा राहून समोरच्या नौका बघितल्या आणि लहानपणचा नाद पुन्हा उसळून आला. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचं १/२०० प्रमाणातलं किट मागवलं. मूळ जहाज २५१ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद. म्हणजे मॉडेल १२५.५ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद. पडवीत दोन बाकडी जोडून त्याला जागा केली.

हलचे भाग जुळवून पट्टी लावली. लांबी बरोबर, रुंदीही बरोबर. तरीपण समोरून बघितलं की मनाला खटकायचं. जुन्या फोटोंत या जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापाशी सुरीसारखी अरुंद दिसते आणि वर डेककडे जाताना आत वळसा घेऊन बाहेर पसरते. माझ्या हलला तो वळसाच नव्हता. पाणरेषेजवळ, म्हणजे जहाज पाण्यात जिथवर बुडतं त्या रेघेजवळ, तोंडात लाडू धरल्यासारखे दोन्ही गाल फुगलेले. १/२०० मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावर २० सेंटिमीटर. माझ्या अंदाजाने एकेका बाजूला तीन मिलिमीटर जास्त होते. डोळ्याला दिसणारच.

शोधता शोधता एक विक्रेता सापडला. नाव देत नाही, तक्रार चालू आहे. त्याच्याकडे या किटसाठी ‘सुधारणा संच’ होता. हॅम्बुर्गच्या गोदीतल्या मूळ नकाशांवरून केलेला, असं तो सांगायचा. संचात आडव्या छेदांचे नकाशे, अॅक्रिलिकमध्ये कापलेली, हलला लावून आकार तपासायची १७ टेम्प्लेट आणि रेझिनमध्ये ओतलेली नवी नाळ. किंमत १६,८०० रुपये. बोलायला इतका गोड, की दोन दिवसांत ‘काका, काका’ करत माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचीही चौकशी करून झाली.

एकदम पैसे देणारा माणूस मी नाही. म्हणून नमुना मागितला. त्याने ६०० रुपये घेऊन एक टेम्प्लेट पाठवलं. हलवर लावलं तर उजेडाची रेघही दिसेना. माझा विश्वास बसला तो इथेच. ते टेम्प्लेट जहाजाच्या मध्यावरचं होतं. मध्यावर युद्धनौकेचा छेद जवळपास पेटीसारखा असतो: सरळ बाजू, सपाट तळ, कोपऱ्यात गोलाई. तिथे किटवाल्याची सहसा चूक होत नाही आणि माझ्या हलमध्येही ती नव्हती. जिथे काही सिद्धच होत नाही असा पुरावा त्याने मला ६०० रुपयांना विकला होता. वर्गात मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो की उदाहरण अवघड ठिकाणी तपासा. इथे मीच ते केलं नाही, याचं वाईट अजून जात नाही.

उरलेले १६,२०० रुपये मी यूपीआयने पाठवले. खरेदीच्या साइटवरून नको, कमिशन जातं, असं तो म्हणाला होता.

पार्सल आलं. टेम्प्लेट सगळी चपखल बसली. फोन केला तर म्हणाला, “बघा, बाकी हल बरोबरच आहे. चूक फक्त नाळेत, म्हणून तर नाळ वेगळी दिली.” रेझिनची नाळ राखाडी प्रायमर मारलेली, गुळगुळीत, हातात जड. खालून फोटो काढला तर फोटोतल्या बिस्मार्कसारखीच पसरलेली दिसत होती. दुसऱ्या दिवशी मी हलची मूळ नाळ कापली. पुढचे अकरा सेंटिमीटर, बारीक दातांच्या करवतीने, चिकटपट्टीच्या कडेने. पाऊण तास लागला.

नवी नाळ लावून बघितली तर डेक बसेना. वरच्या कडेला रेझिन दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर बाहेर, आणि लांबी मात्र मिलिमीटरभर कमी. फोन केला. “काका, तुमच्याकडे उकाडा केवढा! प्लास्टिक वाकलं असणार.” मी आठ दिवस हल काचेवर ठेवून मोजत बसलो. हल सरळ होता.

मग एका दुपारी कापलेला तुकडा आणि रेझिनचा तुकडा शेजारी शेजारी धरले. माझ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर उजव्या बाजूला तिळाएवढा एक खळगा होता. आतून जिथे जोडखुंटी असते, तिथे प्लास्टिक थंड होताना आत ओढलं जातं आणि बाहेर असा खळगा पडतो. तो मी पहिल्या दिवसापासून ओळखत होतो, पुट्टीने भरायचा म्हणून पेन्सिलने गोलही केला होता. रेझिनच्या तुकड्यावर त्याच जागी तोच तीळ होता. प्रायमरखाली दडलेला, पण नखाला लागत होता. जर्मन गोदीच्या नकाशात प्लास्टिकच्या साच्याचा खळगा कुठून येईल?

म्हणजे त्याने याच किटची नाळ घेतली होती, वरच्या कडेला बाहेरून पुट्टी थापली होती आणि त्यावरून साचा करून रेझिन ओतलं होतं. ओतीव नक्कल मूळापेक्षा जराशी आकसते, म्हणून लांबी कमी. फुगलेले गाल जसेच्या तसे. वरची कड रुंद केल्यामुळे खालून काढलेल्या फोटोत पसरट वाटायची, एवढंच.

पुन्हा टेम्प्लेट बघितली. प्रत्येकाच्या वरच्या टोकाला एक बारीक पायरी होती. ती किटमध्ये डेक टेकायला ठेवलेली खाच, खऱ्या जहाजाला अशी पायरी नसते. टेम्प्लेटही माझ्यासारख्याच एका हलवरून गिरवलेली होती. ती चुकतील कशी? नकाशावर ‘जलावतरण, फेब्रुवारी १९३९’ असं लिहिलेलं. बिस्मार्क पाण्यात उतरली ती १४ फेब्रुवारी १९३९ ला, तारीख बरोबर. पण त्या दिवशीच्या फोटोंत तिची नाळ सरळ, उभी आहे. पुढे कललेली ‘अटलांटिक’ नाळ नंतर, गोदीत साज चढवताना बसवली. नकाशात मात्र कललेली नाळ होती.

हे सगळं लिहून पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या आणि नंतर त्याने मला ब्लॉक केलं. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला आणि सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, पण तोपर्यंत पैसे देऊन सात आठवडे झाले होते. पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे पुढे जाण्याआधी थांबवता येण्याची शक्यता असते. सात आठवड्यांनी ते कुठे असणार? रक्कम परत आलेली नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली आहे.

मला यातून वर काढलं ते विजयदुर्गच्या एका मेस्त्रींनी. वाघोटणच्या खाडीत, गिर्ये गावात आंग्र्यांच्या आरमाराची कातळात खोदलेली गोदी आहे. त्याच भागात त्यांनी आयुष्यभर होड्या बांधल्या. दोन्ही तुकडे मी त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. रेझिनच्या गालावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “मास्तरांनू, ही नाळ पाणी फाडूची नाय, ढकलतली.” मग सागाची एक लवचीक पट्टी आणून मूळ हलच्या बाजूला दाबून धरली. पट्टी मागून पुढे एका ओढीत येत होती आणि नाळेच्या अलीकडे फुगलेल्या गालावर टेकून त्याच्या पुढे-मागे हलवरून उचलली जात होती. जहाजाची रेघ पट्टीसारखी एका ओढीत गेली पाहिजे, जिथे पट्टी टेकत नाही तिथे आकार चुकला. या परीक्षेला पाच मिनिटं लागतात. ती मी करवत लावण्याआधी करायला हवी होती.

आता काम असं चाललं आहे. मूळ नाळ परत चिकटवली, सांध्याच्या आतून प्लास्टिक शीटच्या पट्ट्यांचा आधार दिला. हलची जाडी दोन मिलिमीटर आणि घासायचे तीन, म्हणजे आरपार भोक पडणार. म्हणून आधी गालांच्या आतून इपॉक्सी पुट्टीचा जाड थर भरला, दोन दिवस वाळू दिला, आणि मग बाहेरून घासायला घेतलं. आधी कानस, नंतर १२०, २४० आणि ४०० चा पॉलिश पेपर. दर थोड्या वेळाने मेस्त्रींची पट्टी लावून बघतो. डावा गाल झाला आहे, उजवा अर्धा आहे.

असा संच कुणी विकत असेल तर नमुना नाळेजवळचा मागा, किंवा जहाजाच्या मागच्या पंख्यांच्या (प्रोपेलरच्या) वरचा, जिथे हल झपाट्याने आत वळतो. टेम्प्लेटचा फोटो शेजारी पट्टी ठेवून, समोरून आणि लांबून काढलेला मागा. मूळ नकाशा कुणाकडे आहे आणि त्यावर कोणती तारीख आहे हे लेखी घ्या.

आणि रेझिनची नाळ घरी आलीच असेल, तर कापण्याआधी तिचा प्रायमर पुसा. उजव्या बाजूला, पाणरेषेच्या वर, टोकापासून चार सेंटिमीटर मागे नख फिरवा. तिथे तीळ लागला तर लगेच १९३० ला फोन करा. तुमचा हल अजून अखंड आहे.