खादीचा तिरंगा, ९०० बाय ६०० : सोसायटीने घ्यावा का?

खादी भांडारातून आणलेला ध्वज टेबलावर उलगडला की आधी चक्राकडे बघावं. ९०० बाय ६०० मिलिमीटरच्या ध्वजात प्रत्येक पट्टा २०० मिलिमीटर रुंद आणि चक्राचा व्यास १८५. म्हणजे पांढऱ्या पट्ट्यात चक्राच्या वर आणि खाली जेमतेम साडेसात मिलिमीटर जागा उरते, करंगळीच्या नखाएवढी. प्रमाणित ध्वजात चक्र पांढरा पट्टा भरून उभं असतं. सिग्नलवर किंवा स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या झेंड्यांमध्ये बहुतेकदा ते मधोमध आकसून बसलेलं दिसतं. फूटपट्टी लावली की दहा सेकंदांत फरक कळतो.

मग ध्वज खिडकीच्या उजेडासमोर धरावा. खादीच्या ध्वजावर चक्र दोन्ही बाजूंनी छापतात, त्यामुळे एका बाजूची छपाई दुसरीवर तंतोतंत बसली पाहिजे. जरा जरी सरकली असेल तर उजेडात आऱ्यांच्या कडेला फिकट निळी सावली दिसते. असा ध्वज परत करावा, भांडारवाले बदलून देतात. आरे २४, आणि त्यातला एक सरळ वर उभा. नेफ्याजवळ, म्हणजे दोरी ओवायच्या कडेच्या पट्टीजवळ, आयएसआयचं चिन्ह आणि त्याच्या वर ‘आयएस १’ असं लिहिलेलं असतं. राष्ट्रध्वजाच्या भारतीय मानकाचा क्रमांकच १ आहे.

देशात प्रमाणित खादी ध्वज बनवणारी दोन नावाजलेली ठिकाणं म्हणजे हुबळीचं बेंगेरी आणि आपलं नांदेड. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती हे काम करते. १५ ऑगस्ट १९४७ ला नांदेड निजामाच्या राज्यात होतं. तिथे स्वातंत्र्य पोहोचलं १७ सप्टेंबर १९४८ ला, तेरा महिन्यांनी. त्याच गावात शिवलेला ध्वज आज पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांवर चढतो. ध्वज घेताना ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, नेफ्यावरचा शिक्का दाखवून सांगितली तर जास्त चांगलं.

किंमत पॉलिएस्टरच्या ध्वजाच्या कित्येक पट असते, आणि सोसायटीच्या बैठकीत पहिला आक्षेप यावरच येतो. पण हे पैसे कुठे जातात ते पाहिलं पाहिजे. सूत हाताने कातलेलं, कापड हातमागावर विणलेलं, तीन पट्टे वेगवेगळे रंगवून, कापून, जोडलेले. नेफ्याचं कापड ध्वजाच्या कापडापेक्षा जाड विणीचं, कारण सगळा ताण त्याच्यावर येतो. या प्रत्येक टप्प्यावर कुणाची तरी मजुरी आहे. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावर बनवलेल्या पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. तेव्हा खादी संस्थांनी विरोध केला तो याच मजुरीसाठी. पॉलिएस्टरचा ध्वज आता बेकायदा नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तरीही वर्षातून तीन-चार दिवस चढवण्यासाठी आमची शिफारस खादीचीच आहे. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर बाबू गेनू आडवा झाला. तो गिरणीत राबणारा मजूर होता. स्वातंत्र्यदिनाचं कापड कुणाच्या हातचं आहे, हा प्रश्न आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

मापाबद्दल. संहितेत एकूण नऊ मापं आहेत, पण सोसायटी, शाळा किंवा मंडळासाठी तीनच कामाची : ९०० बाय ६००, १३५० बाय ९०० आणि १८०० बाय १२००. सर्वसाधारण आडाखा असा की ध्वजाची लांबी खांबाच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढी असावी. १२ ते १४ फुटांच्या खांबाला ९०० बाय ६०० शोभतो, १८ ते २० फुटांना १३५० बाय ९००. गच्चीवरच्या छोट्या नळीला मोठा ध्वज लावायचा मोह टाळावा. खादी जड असते, वारा भरला की पातळ नळी वाकते आणि ध्वज कठड्यावर घासून उसवतो. घरात टेबलावर ठेवायला १५० बाय १०० चा वेगळा मिळतो.

आता मुख्य तक्रार. ध्वज उत्तम, पण सोबत मिळणारी दोरी तोकडी असते. नेफ्यातून जाणारी दोरी, वरच्या टोकाला लाकडी टॉगल (खांबाच्या दोरीत अडकवायची छोटी दांडी) आणि खालच्या टोकाला फासा, एवढंच ध्वजाबरोबर येतं. खांबाची दोरी आपली आपणच घ्यायची, ती खांबाच्या उंचीच्या दुपटीहून पाच-सहा फूट जास्त. सुती दोरी घेतली तर पावसात फुगून कप्पीत अडकते. गुळगुळीत नायलॉन घेतलं तर गाठ आपोआप सरकते. विणीची, थोडी खरखरीत पॉलिएस्टरची ६ मिलिमीटरची दोरी या दोन्ही त्रासांतून सोडवते. कप्पीला आठवडाभर आधी तेल द्यावं आणि आदल्या संध्याकाळी तेवढ्याच मापाचं साधं कापड चढवून-उतरवून बघावं. कार्यक्रम फसतो तो जवळजवळ नेहमी कप्पीपाशी, ध्वजापाशी नाही.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी यांची रीत वेगळी आहे, आणि गोंधळ इथेच होतो. १५ ऑगस्टला ध्वज खांबाच्या पायथ्याशी असतो आणि खालून वर चढवला जातो. तेच ध्वजारोहण. वर नेताना झटपट, उतरवताना सावकाश. २६ जानेवारीला ध्वज आधीच टोकाशी घडी करून बांधलेला असतो, दोरी ओढून फक्त फडकवायचा.

जानेवारीच्या गाठीबद्दल जरा विस्ताराने. ध्वज लांबीला समांतर दुमडत वीतभर रुंद करा, मग मोकळ्या टोकाकडून नेफ्याकडे सैलसर गुंडाळा. ध्वजाच्या खालच्या फाशाला जोडलेली दोरी या पुडक्याभोवती दोन वेढे फिरवा. शेवटी दोरीचं टोक आरपार ओढून घ्यायचं नाही. दोरीचा दुहेरी पदर वेढ्यांखालून अर्धाच बाहेर काढायचा, बुटाच्या नाडीसारखा. ही सुरगाठ. टोक आरपार गेलं की तिची निरगाठ झाली, आणि मग प्रमुख पाहुणे ओढत राहतात आणि पुडकं वर हलत राहतं. दोनपेक्षा जास्त वेढे दिले तरी तेच होतं. दुसरी चूक अशी की टॉगलकडून कप्पीवरून खाली आलेली दोरी खुंटीला पक्की केलेली नसते. तेव्हा ओढल्यावर गाठ सुटत नाही, आख्खं पुडकंच खाली येतं. जानेवारीत दव पडतं, म्हणून ध्वज रात्री बांधून ठेवू नये, पहाटे बांधावा. ओली दोरी वेढ्यांना आवळते.

घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला संहितेची हरकत नाही. पण झेंडूच्या ओल्या पाकळ्यांचा पिवळा डाग पांढऱ्या खादीवरून जात नाही. पाकळ्या कोरड्या घ्याव्यात, मूठभर पुरतात. ओंजळभर भरल्या की पुडकं फुगतं आणि गाठीवर ताण येतो.

केशरी वर हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी टॉगल चुकीच्या टोकाला अडकवल्यामुळे ध्वज उलटा चढतो. त्यामुळे बांधणाऱ्याने एकदा आणि दुसऱ्या कुणीतरी एकदा असं दोनदा बघावं. भिंतीवर उभा लावायचा तर समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी यायला हवा.

पावसाळ्यात खादीची खरी परीक्षा होते. भिजलेली खादी जड होऊन खांबाला चिकटते, फडकत नाही. नवीन ध्वजाचा हिरवा रंग पहिल्या पावसात पांढऱ्यात थोडा उतरू शकतो. भिजलेला ध्वज घडी करून ठेवला तर दुसऱ्या दिवशी डाग पक्का झालेला असतो, म्हणून उतरवल्याबरोबर सावलीत आडवा पसरून वाळवावा. उन्हात वाळवला तर केशरी फिका पडतो. इस्त्री करायची झाली तर वर साधं सुती कापड ठेवून, चक्राच्या छपाईवर तापती इस्त्री थेट फिरवू नये.

घडीची पद्धत ठरलेली आहे : ध्वज आडवा धरून केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी आत घ्यायचा, म्हणजे वर फक्त चक्र आणि केशरी-हिरव्याची किनार दिसते. ती घडी तळहातांवर घेऊन न्यायची. ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको. कोकणात आणि मुंबईत पिशवीत दमट हवा कोंडते आणि महिन्याभरात बुरशीचे काळे ठिपके येतात. सुती कापडात गुंडाळून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, मराठवाड्यात १७ सप्टेंबर, गोव्यात १९ डिसेंबर, एवढ्या दिवसांसाठी काढला तर एक खादी ध्वज बरीच वर्षं टिकतो.

पॉलिएस्टर कुठे घ्यावा तेही सांगतो. जुलै २०२२ पासून नागरिकांना ध्वज दिवस-रात्र फडकत ठेवता येतो. ज्यांना तो कायम उंच खांबावर ठेवायचा आहे, विशेषतः समुद्रकाठी, त्यांनी खादी घेऊ नये. सततच्या वाऱ्यात तिचं मोकळं टोक काही आठवड्यांत धागा-धागा सुटतं, आणि फाटका ध्वज फडकवणं हा अपमान आहे. तिथे चांगल्या शिलाईचा, चक्र मापात असलेला पॉलिएस्टर ध्वज घ्यावा, मोकळ्या कडेला दुहेरी टीप आहे का बघावं, आणि तो वेळेवर बदलण्याची जबाबदारी एका माणसाकडे नावाने द्यावी.

प्लॅस्टिकच्या छोट्या झेंड्यांबद्दल मात्र आमचं मत ठाम आहे : घेऊच नयेत. संध्याकाळी गेटपाशी, गटारात, गाडीच्या चाकाखाली ते दिसतात. मुलांच्या हातात द्यायचे तर कागदी द्यावेत आणि कार्यक्रम संपल्यावर एका टोपलीत मोजून परत घ्यावेत. संहितेनुसार कागदी ध्वजही जमिनीवर टाकता येत नाही.

फुग्यांची कमान, तिरंगी पताका, साउंड सिस्टिम यांवर जो खर्च होतो त्यातला निम्मा वाचवून सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला द्यावा, ही आमची आग्रहाची सूचना. हा दिवस १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला पाळला जातो, आणि निधी माजी सैनिक, युद्धात अपंग झालेले जवान आणि वीरपत्नींच्या कुटुंबांसाठी वापरतात. पैसे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरता येतात. १५ ऑगस्टला सगळे जमलेले असतात, तेव्हाच पावती पुस्तक घेऊन बसावं, डिसेंबरपर्यंत कुणी थांबत नाही. एक बारकावा : देणगीवरची आयकर सवलत ज्याच्या नावावर पावती असते त्यालाच मिळते. सोसायटीच्या नावाने एकत्र भरलं तर सभासदाला ती मिळत नाही. ज्याला हवी असेल त्याने थेट स्वतःच्या नावाने, आणि २००० रुपयांच्या वर असेल तर रोखीने न देता भरावं. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, हेही आधीच सांगून टाकावं म्हणजे मार्चमध्ये कुरबुर होत नाही.

कार्यक्रमात लांबलचक भाषणाऐवजी आपल्या जिल्ह्यातल्या हुतात्म्यांची नावं वाचावीत. नंदुरबारमध्ये ९ सप्टेंबर १९४२ ला गोळी लागून गेलेला शिरीषकुमार शाळकरी वयाचा होता. सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. नाव, गाव, तारीख, एवढं पुरे. पाच मिनिटांत होतं आणि मुलं ऐकतात. दोरी ओढण्याचा मान सोसायटीतल्या माजी सैनिकाला, रात्रपाळीच्या वॉचमनला किंवा सफाई करणाऱ्या मावशींना द्यावा, आणि त्यांना आदल्या दिवशी सरावाला बोलवावं.

ध्वज कधी आणायचा? जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. ऑगस्ट लागला की भांडारात ९०० बाय ६०० आधी संपतो, मग उरलेलं माप घ्यावं लागतं आणि ते खांबाला शोभत नाही. जुना, विरलेला ध्वज असेल तर तो कचऱ्यात टाकू नये, पुसायला वापरू नये. खासगीत, मान राखून, अख्खा जाळावा. नवा हातात आल्यावरच जुना काढावा.