ट्राइन २ दोघांत, सहा महिन्यांनंतर: सगळी भांडणं पेटीवरून

ट्राइन २ हा व्हिडिओ गेम २०११ चा, फिनलंडच्या फ्रोझनबाइट कंपनीचा. चित्रं आजही डोळ्यांत भरतात, गोष्ट यथातथाच. जादूगार अमाडेयस, शिलेदार पाँटियस आणि चोरटी झोया कोण काय करतात हे वाचणाऱ्यांना माहीत असणारच, तेव्हा सरळ अमाडेयसच्या पेटीबद्दल बोलू. तो हवेत आकार रेखून पेट्या-फळ्या उभ्या करतो, त्यांच्यावरून बाकीचे पुढे जातात.

एका वेळी किती वस्तू उभ्या राहतील हे त्याच्या त्या कौशल्यात किती गुण घातलेत त्यावर ठरतं: सुरुवातीला एक, शेवटी चार. मर्यादा भरल्यावर नवी वस्तू काढली की सगळ्यात जुनी नाहीशी होते. एकट्याने खेळताना याचं काही वाटत नाही, कारण जुन्या पेटीवर उभं कोणीच नसतं. दोघांत मात्र हमखास जोडीदार तिथेच उभा असतो. जादूगार पुढची पायरी काढतो आणि मागचा थेट काट्यांत. चूक कोणाची यावर मग पंधरा मिनिटं.

उपाय साधा, पण शिस्त लागते. सुरुवातीचे गुण सगळे पेट्या-फळ्यांवरच घालायचे. अनुभवाच्या ५० कुप्या गोळा केल्या की एक गुण मिळतो आणि तो तिघांत मिळून एकच, म्हणजे झोयाच्या बर्फाच्या बाणावर घातलेला गुण पेटीच्या तोंडचा काढलेला असतो. अर्थात घातलेले गुण परत काढता येतात. मोठ्या मारामारीआधी बाणांवर वळवा, पुढे चढण आली की पुन्हा पेट्यांवर. दुसरं म्हणजे काढण्याआधी मोठ्याने मोजा: ‘तीन झाल्या, चौथी काढतोय.’ झोया असेल तर तिने आधी दोरीचा गळ लाकडात अडकवून लोंबकळावं. गळ दगडाला धरत नाही, हे ऐन वेळी विसरलं जातं.

फळी टाकताना अर्ध्याहून जास्त भाग आधारावर हवा. कमी असेल तर अलीकडच्या टोकावर पेटी ठेवून वजन द्या, मगच दुसऱ्याने पुढे जावं. जोडीदाराला वर उचलायचं असेल तर फळीपेक्षा पेटी बरी, फळी कलंडते. खुद्द जादूगार मात्र ज्यावर उभा आहे ते उचलू शकत नाही. सगळ्यांना वर पोचवून बिचारा स्वतः खाली, स्वतःच्या पायऱ्या रचत.

कंट्रोलरवर चौकोन काढणं हा वेगळाच वैताग. उजव्या स्टिकची रेघ थरथरली की पेटी नको त्या मापाची येते, कधी येतच नाही. त्यात स्टिक आपोआप सरकायला लागली असेल तर नवा कंट्रोलर घेण्याआधी स्टीमच्या (ज्यावरून खेळ घेऊन चालवतो त्या ॲपच्या) सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे स्टिकची किती हालचाल दुर्लक्षित करायची ती मर्यादा, वाढवून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. नाहीतर माउस जादूगाराकडे, कंट्रोलर शिलेदाराकडे. पाँटियसला ढाल धरायची आणि हातोडा फेकायचा. त्याला बारीक नेम लागत नाही.

तिघेही एकच पात्र घेऊ शकतात तो अनलिमिटेड मोड म्हणजे निव्वळ लबाडी, असं पहिले दोन महिने मत होतं. दोन जादूगार आळीपाळीने एकमेकांच्या पेट्या उचलत निम्मी कोडी ओलांडून जातात. पाइप जोडून पाणी झाडापर्यंत न्यायची तसदी घ्यायलाच नको. मत बदललं ते दुसऱ्या फेरीत. राहिलेल्या कुप्या आणि पेटारे गोळा करायला हाच मोड सोयीचा, आणि जोडीदार नवखा असेल तर त्यालाही पेटी काढायला मिळते, नुसतं ‘थांब, हलू नकोस’ ऐकत बसावं लागत नाही. पहिली फेरी मात्र क्लासिकमध्येच करा, जिथे एक पात्र एका वेळी एकालाच मिळतं.

एक मेला तर दुसऱ्याने सूड घ्यायला थांबू नये. पुढचा चेकपॉइंट गाठला की मेलेला उठतो.

पैशांचं: एकाच घरात खेळायला एक प्रत पुरते. जोडीदार दुसऱ्या गावी असेल तर स्टीमचं रिमोट प्ले टुगेदर (इंटरनेटवरून एकाच मशीनवरचा खेळ दोघांनी खेळायची सोय) वापरा, तिथेही एकच प्रत. फक्त ज्याच्या मशीनवर खेळ चालतोय त्याने जादूगार घ्यावा. पलीकडच्याला हालचाल किंचित उशिरा दिसते. तलवारीला ते चालून जातं, चौकोनाला नाही. आणि गॉब्लिन मेनस ही खेळाची पुरवणी वेगळी विकत घेण्याआधी आपल्याकडची प्रत ‘कम्प्लीट स्टोरी’ आवृत्ती तर नाही ना ते तपासा. तिच्यात ती आधीच आहे.