दोन मेलेल्या कूलरातून एक चालता कूलर : दर्यापूरच्या एका कूलर मिस्त्रीचा रिव्ह्यू

नवीन कूलर घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा, मग घ्यायचाच असेल तर घ्या बाप्पा, मी अडवणारी कोण. पण आपल्याकडे घरोघरी काय असतं ते मला माहीत आहे, एक कूलर चालू आणि एक-दोन मेलेले, छपरीत नाहीतर गच्चीवर पडलेले, त्यात कोंबडी अंडे देऊन राहिली, वरून जुनी चादर, आणि दर उन्हाळ्यात घरातलं कोणीतरी म्हणतं की यंदा हे भंगारात देऊन टाकू. देत कोणीच नाही. आमच्या छपरीत तसे दोन होते. एक सासऱ्यांनी घेतलेला, जाड पत्र्याचा, उचलायला दोन माणसं लागतात असा. दुसरा माझ्या लग्नात आंदणात आलेला, म्हणून त्याला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती, सडला तरी तो माहेरचा कूलर.

यंदा आमच्या ह्यांनी सरळ एसीचं काढलं. पोराची दहावी आहे, अभ्यासाला थंड पाहिजे, हप्त्यावर मिळतो वगैरे. मी म्हटलं हप्ता तर भराल, बिलाचं काय. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला दीड युनिटच्या आसपास खातो आणि आपला पत्र्याचा कूलर दीडशे-दोनशे वॅटचा, रात्रभर दहा तास चालला तरी दोन युनिटच्या वर जात नाही. महिन्याला शंभर युनिटच्या आत असलं तर बिल बरं येतं, त्याच्या वर गेलं की दराची वरची पायरी लागते, हे ज्यांनी बिल भरलं त्यांना सांगायची गरज नाही. शिवाय आपल्या वऱ्हाडात एप्रिल-मेची हवा कोरडी ठण्ण असते, आणि हवा कोरडी असली की कूलर खरंच काम करतो, कारण त्यात थंडावा पाणी उडून गेल्यामुळंच येतो. मुंबईवाल्यांना कूलर म्हणजे काय ते कळत नाही त्याचं कारण हेच, त्यांच्या दमट हवेत पाणी उडणार कुठं.

तर फेब्रुवारीच्या शेवटी तूर घेऊन गाडी दर्यापूरच्या बाजार समितीत चाललीच होती, तिच्यातच पोत्यांच्या मागं दोन्ही कूलर टाकले, गाडीभाडं वाचलं. दुकान मेन रोडवर नाही, मागच्या गल्लीत आहे. बोर्ड म्हणजे एका पत्र्यावर ब्रशनं लिहिलेलं, कूलर मोटर वाइंडिंग, बस. आत एक काकाजी आणि त्यांचा पोरगा. बाहेर रस्त्यापर्यंत कूलरचे सांगाडे, दुकान बंद आहे की चालू हे लांबून कळत नाही.

मला ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहावा वाटला ती गोष्ट म्हणजे काकाजींनी दोन्ही कूलर दुरुस्त करायला घेतले नाहीत. मी तर तयारीनं गेले होते, दोन्हीचे किती विचारायला. त्यांनी एका कूलरच्या टाकीला बोटानं टकटक केलं, दुसऱ्याच्या टाकीत पेचकस टोचला तर तो आरपार गेला, खपल्याच निघाल्या हातात. मग म्हणाले, "याचा पत्रा मजबूत हाये अन् मोटर मेली. त्याची मोटर जित्ती हाये अन् टाकी सडली. दोन कायले दुरुस्त करता ताई, याच्यात त्याची मोटर बसवू, एकच चांगला करून न्या." दुसरा कोणी असता तर दोन्हीचे पैसे घेतले असते, आणि मी दिलेही असते.

सासऱ्यांच्या कूलरचा पत्रा त्यांनी मला मुद्दाम दाखवला. आधीचे लोक 22 गेजचा पत्रा मारायचे म्हणे, आता स्वस्तातल्या कूलरला 26 नाहीतर 28 गेज मारतात, आणि गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढा पत्रा पातळ. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, दुकानात मोठा आकडा ऐकून खुश होतात. जळालेली मोटर त्यांनी उघडली, त्यातली एक तार ओढून काढली आणि ब्लेडनं खरडली. वरचा चॉकलेटी थर निघाला आणि आतून लालसर चमकली, म्हणजे तांबं. पांढरी निघाली असती तर ॲल्युमिनियम. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, रंगावर जाऊ नका. दुसऱ्या कूलरची मोटर चालू तर होत होती पण पंखा म्हातारा झाल्यासारखा फिरायचा, आम्ही समजत होतो मोटर गेली, निघाला फक्त कंडेन्सर. छोटीशी डबी, शंभराच्या आतलं काम. त्यात बुशला तेल दिलं आणि तीच मोटर सासऱ्यांच्या कूलरात बसवली. ज्यांचा पंखा हळू झाला त्यांनी नवीन मोटर घ्यायच्या आधी कंडेन्सर बदलून बघा, हे मी आता सगळ्यांना सांगत सुटले आहे.

आता पाण्याचं. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यातला हा पट्टा, इथं बोअरचं पाणी खारं, चहा केला तर दूध फाटेल असं. पिण्यासाठी नळाचं पाणी येतं ते धरणावरून, ते कूलरात ओतायचं म्हणजे जिवावर येतं, आणि ते रोज येतंच असंही नाही. म्हणून कूलरात बोअरचं पाणी, आणि म्हणूनच आपल्या भागातल्या कूलरच्या टाक्या दुसरीकडच्यापेक्षा लवकर सडतात. मी यूट्यूबवर बघून हनीकोंबच्या, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांच्या जाळ्या लावायच्या ठरवून गेले होते, त्या तीन-तीन वर्षं चालतात असं सगळे सांगतात. काकाजी सरळ नाही म्हणाले. "तुमच्या पान्यात नाई टिकत. एक उन्हाया गेला का छिद्रं बुजून जातात, मंग हवाच नाई येत, अन् पैसे गेले ते गेले." त्यांच्या दुकानात हनीकोंब होत्या, विकता आल्या असत्या. त्यांनी साध्या वुडवुलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक गवतासारख्या छिलक्यांच्या ताट्याच घ्यायला लावल्या, तीन बाजूंच्या मिळून अडीचशे रुपये, दर वर्षी फेकायच्या आणि नव्या लावायच्या.

दुसरं त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. आपण रोज वरून पाणी ओतत राहतो, टाकीतलं मीठ वाढतच जातं, आठ दिवसांत ते पाणी बोअरच्या पाण्यापेक्षाही खारं होतं आणि तेच ताट्यांवर पांढरं पांढरं जमतं. म्हणून तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करायची, बूच काढून. ते पाणी झाडांना घालू नका, झाडं जळतील, अंगणात शिंपडा. आणि टाकी आठवड्यातून एकदा तरी घासून कोरडी करायचीच, डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतात, आशाताई दर वर्षी घरी येऊन कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतात आणि आपण हो हो म्हणतो.

टाकीला आतून त्यांनी डांबर लावलं, जुनी पद्धत. दोन ठिकाणी बारीक छिद्रं होती तिथं पत्र्याचं ठिगळ, रिबिटा आणि वरून डांबर. ठिगळ बघायला काही सुंदर नाही, पण पाणी एक थेंब गळत नाही. फक्त वास. पहिले काही दिवस कूलर लावला की घरात रस्त्याचं काम सुरू असल्यासारखा वास यायचा, सासूबाईंनी तर दुसऱ्या खोलीत खाट हलवली. त्यांनी आधी सांगायला पाहिजे होतं की आणल्यावर टाकी दोन-तीनदा भरून ओतून टाका, मग लावा. ते त्यांनी मी फोन केल्यावर सांगितलं.

तक्रारी अजून आहेत, सगळं गोडगोड लिहायचं तर कशाला लिहायचं. एक म्हणजे वेळ. शनिवारी देतो म्हणाले, तो शनिवार आला अन् गेला. फोन केला की "झालं समजा ताई" हे ठरलेलं उत्तर, आणि झालेलं काहीच नसायचं. मार्चमध्येच ही गत, तर एप्रिलमध्ये विचारू नका, तेव्हा लोक रांगेत उभे राहून भांडतात. दुसरं, रंग मी पांढरा सांगितला होता, मिळाला तो निळा, डबा उरला होता म्हणे. असो, कूलरकडं बघत कोणी झोपत नाही.

तिसरी तक्रार जरा मोठी. ती जळालेली तांब्याची मोटर हिशेबात कुठंच नव्हती. कूलर गाडीत चढवला, पैसे मागितले, मोटरचं नाव नाही. मी विचारलं, काकाजी माझी मोटर? तर म्हणाले ते तर भंगार हाये. मी म्हटलं भंगारच पण माझं भंगार आहे ना, आणि तुम्हीच खरडून दाखवलं की आत तांबं आहे. हसले, आणि बिलातून दोनशे कमी केले. माणूस चोर नाही, त्या धंद्यात ते तसंच चालतं, पण तुम्ही विचारल्याशिवाय कोणी देणार नाही. म्हणून कूलर टाकतानाच बोलून घ्या की उरलेलं काय काय परत पाहिजे.

उरलेलं म्हणजे माहेरच्या कूलरचा सांगाडा मी परत आणला. सडलेला पत्रा गावात भंगारवाला आला तेव्हा त्याला किलोवर दिला. त्याचं लोखंडी स्टँड चांगलं होतं, त्यावर आता माठ ठेवला आहे, बरोबर उंचीला आला, सासूबाईंना वाकावं लागत नाही. एक जाळीची बाजू कुरडया वाळवायला. आणि छपरीत जी जागा मोकळी झाली तिथं आता सरकी-ढेपीची पोती ठेवतो, आधी ती घरात होती. माहेरचा कूलर मोडला म्हणून आईला वाईट वाटेल असं वाटलं होतं, ती म्हणाली, "बरं झालं बाई, तो तर घेतला तेव्हाच गळत होता."

करंटचं त्यांचं काम मला सगळ्यात आवडलं. जुन्या कूलरला दोन पिनचा प्लग होता, त्यांनी तो काढून फेकला, तीन पिनचा लावला आणि हिरवी वायर पत्र्याच्या बॉडीला कसून दिली. त्याचे वेगळे पैसे नाही घेतले. पण सांगितलं की घरच्या बोर्डात अर्थिंग नसेल तर या वायरीचा काही उपयोग नाही, आधी ते वायरमनकडून तपासून घ्या. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात, आणि घरातल्या बाईला धोका जास्त, कारण चालू कूलरात बादलीनं पाणी टाकायला तीच जाते, ओल्या हातानं, ओल्या फरशीवर उभी राहून. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाणी टाकायचं नाही, पोरांना पण शिकवून ठेवा.

आणि कूलर कुठं ठेवता हे त्यांनी विचारलं तेव्हा मला वाटलं गप्पा मारून राहिले. खोलीच्या आत कोपऱ्यात ठेवता का, दार बंद करता का. आम्ही तेच करायचो, दार बंद, खिडकी बंद, एसी असल्यासारखं. त्यांनी सांगितलं कूलर खिडकीला बाहेरून लावा, त्याला बाहेरची कोरडी हवा ओढू द्या, आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा, हवा निघाली नाही तर खोलीत चिपचिप होते. लोखंडी घोडा करून खिडकीला लावला आणि फरक पहिल्याच दुपारी कळला. नवतपात, म्हणजे 25 मेच्या पुढं, बाहेर अंगाची लाही होत होती तेव्हा पोरगा आत चादर घेऊन झोपला होता. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की मात्र कूलर नुसता पंखा होतो, त्यात मिस्त्रीचा दोष नाही, तेव्हा पंप बंद करून नुसती हवा घ्या.

एकूण खर्च ठिगळ, डांबर, रंग, कंडेन्सर, ताट्या, नवा पंप, वायर, मजुरी धरून मोटरचे वजा करून सतराशेच्या घरात. एवढ्या मोठ्या पत्र्याचा नवीन कूलर मी विचारला होता, आठ हजारांच्या खाली कोणी बोललं नाही, आणि तो पण पातळ पत्र्याचा.

पाचपैकी चार देते, एक वेळेसाठी कापला. जायचं असेल तर होळीच्या आधी जा, आधीचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा म्हणजे कोणता पार्ट तुमचा होता ते कळतं, आणि भाव काकाजींशीच ठरवा. दुपारी दोन ते चार ते घरी झोपायला जातात, तेव्हा पोरगा असतो, तो हातानं चांगला आहे पण पैशाचं विचारलं की बाबांना येऊ द्या म्हणतो.