तैपेई की तैनान? तैवानमधले उन्हाळ्याचे दोन महिने

फेब्रुवारी-मार्च आला की कॉलेजमधल्या कुणा ना कुणा ज्युनियरचा मेसेज येतोच. "ताई, तैवानहून दोन ठिकाणचा होकार आलाय. एक तैपेई, एक तैनान. कुठे जाऊ?" कुणाला तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या 'टीप' योजनेतून लॅबमध्ये इंटर्नशिप मिळालेली असते, कुणाला चिनी शिकायला ह्वायू शिष्यवृत्ती. विद्यापीठं दोन्हीकडे तोलामोलाची आहेत. तैपेईत १९२८ सालचं तैवान राष्ट्रीय विद्यापीठ आहे आणि भाषेसाठी नॉर्मल युनिव्हर्सिटीचं (मुळात शिक्षक घडवणारं विद्यापीठ) १९५६ पासून चालत आलेलं मँडरिन केंद्र. तैनानमध्ये १९३१ सालचं छंगकुंग विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंगवाल्यांना ते वेगळं सांगायला नको. प्राध्यापक कोण, विषय कुठला, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. मी बोलणार आहे ते लॅब सुटल्यावरच्या वेळाबद्दल: खायचं काय, घ्यायचं काय आणि बोलायचं कुणाशी.

मी एक उन्हाळा तैनानमध्ये काढला आणि पुढचा तैपेईत. मी मासे खाते, चिकन खाते, गोमांस खात नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचा माझा सगळा पक्षपात इथूनच येतो.

पोटाचा प्रश्न

शाकाहारी मुलं उगाच घाबरतात. तैवानमध्ये बौद्ध शाकाहाराची जुनी परंपरा आहे, आणि 'सू', म्हणजे शाकाहारी, हा शब्द कळला की निम्मं काम झालं. दुकानाच्या पाटीवर बऱ्याचदा स्वस्तिक असतं, आपल्यापेक्षा उलट्या दिशेचं. आत थाळीऐवजी कागदी डबा घ्यायचा, चिमट्याने हवं ते भरायचं आणि तराजूवर ठेवायचं, वजनावर पैसे. गंमत म्हणजे तिथल्या पक्क्या शाकाहारात कांदा-लसूणही चालत नाही. आजी चातुर्मासात जे पाळते तेच. पाकिटावरसुद्धा छापलेलं असतं: हे निव्वळ शाकाहारी, हे अंड्याचं, हे दुधाचं, हे कांदा-लसूणवालं. फोनवर भाषांतराचं ॲप ठेवा आणि पाकीट वाचत जा.

घोटाळा साध्या खानावळीत होतो. उकडलेली पालेभाजी मागवावी, तर वर खिम्याचा रस्सा ओतून येते. "मांस नको" म्हणालात तर खिमा जातो, पण माशाचं किंवा हाडांचं पाणी राहतं, कारण त्यांच्या लेखी ते मांस नव्हेच. म्हणून नाही-नाहीचा पाढा वाचण्यापेक्षा "वो छ सू", मी शाकाहारी खाते, एवढंच म्हणावं. गोमांसाचं मात्र सोपं आहे. शेतकरी घरातले बरेच तैवानी लोकही नांगराला राबणाऱ्या बैलाची जाण ठेवून गोमांस खात नाहीत, त्यामुळे तुम्ही नको म्हणालात तर कुणी भुवई उंचावत नाही. पोळा साजरा करणाऱ्या घरातून गेलेल्या मला हे ऐकून बरं वाटलं होतं.

आता दोन शहरांतला फरक. तैपेईत सगळं मिळतं: 'सू'ची दुकानं सहज सापडतात, भारतीय हॉटेलं आहेत, इंग्रजी मेन्यूही बऱ्याच ठिकाणी असतो. शुद्ध शाकाहारी असाल आणि पहिल्यांदाच घराबाहेर पडत असाल तर डोळे मिटून तैपेई. तैनानमध्ये उपाशी राहणार नाही, पण ज्या खाण्यासाठी अख्खा तैवान तैनानला येतो ते तुम्हाला नुसतं बघावं लागेल.

आणि ते खाणं! तैनान हे बेटावरचं सगळ्यात जुनं शहर. डच इथेच १६२४ मध्ये उतरले, १६६२ मध्ये त्यांना हुसकावलं गेलं, आणि त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं बेटाचा कारभार इथून चालला. जुन्या राजधानीचे जिभेचे चोचले अजून शिल्लक आहेत. दान्-त्साय नूडल्स म्हणजे कावडीवरच्या नूडल्स. वादळाच्या महिन्यांत समुद्रात जाता येत नसे, तेव्हा कोळी खांद्यावर कावड घेऊन त्या विकत. एवढासा वाडगा, वर एक कोळंबी. दोन खाल्ल्याशिवाय भागत नाही. सकाळी मिल्कफिश घातलेली तांदळाची पेज, जिच्यावर कोकणातला माणूस खूश होईल. संध्याकाळी 'शवपेटी पाव': जाड तळलेला पाव पोखरून आत पांढरा दाट रस्सा आणि वर पावाचंच झाकण. नाव अभद्र आहे, चव नाही. तैनानचं जेवण बाकी तैवानपेक्षा गोडसर, आणि तैपेईकर त्यावर नाकं मुरडतात. आमटीत गूळ घालणाऱ्या घरातलं कुणी असेल तर त्याला दुसऱ्या दिवशीच आपलंसं वाटेल.

जूनमध्ये पोचलात तर बहुधा ड्रॅगन बोटीचा सण असतो. त्या दिवसात बांबूच्या पानात बांधलेला चिकट भात, झोंग्झ, घरोघरी होतो. उत्तरेकडे, म्हणजे तैपेईच्या बाजूला, तांदूळ आधी परतून मग वाफवतात; दक्षिणेकडे, तैनानच्या बाजूला, कच्चा तांदूळ पानात बांधून उकळतात. दोन्ही बाजू एकमेकींच्या झोंग्झला झोंग्झ मानायलाच तयार नसतात. उकडीचे मोदक आणि तळणीचे मोदक हा वाद ज्यांनी घरी ऐकलाय, त्यांनी या भांडणात मध्ये पडू नये. मी दक्षिणेच्या बाजूने आहे.

आंब्याचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे पाऊस पडला की हापूस संपतो आणि माणूस हळहळतो. तैनानमध्ये नेमका तेव्हा आंबा भरात असतो. तैनानच्याच युचिंग भागात लालबुंद 'आयवन' पिकतो. मूळ जात फ्लोरिडाची. बर्फाच्या किसाचा डोंगर, वर आंब्याच्या फोडी, वर आटवलेलं दूध. हापूसशी तुलना करू नका, दोघांवरही अन्याय होईल. तैपेईतही हा बर्फ मिळतो, पण तिथे रांगेत उभं राहून जास्त पैसे मोजायचे.

खरेदी

इथे तैपेई सरळ जिंकते. इलेक्ट्रॉनिक्ससाठी क्वांगह्वा, घाऊक कपड्यांसाठी वूफेनफू, तरुण मंडळींच्या फॅशनसाठी शीमेनतिंग, चहा आणि सुक्या मालासाठी तिह्वा रस्ता. मुख्य स्टेशनाखाली तर जमिनीतलाच बाजार आहे, एसीमध्ये चालत राहा. एक नवा तैवानी डॉलर साधारण पावणेतीन-तीन रुपयांना पडतो, आणि पहिले आठ दिवस तुम्ही प्रत्येक किमतीला तीनने गुणत बसाल. घासाघीस फारशी चालत नाही. तुळशीबागेतलं कसब इथे वाया जातं.

पण बाजाराची मजा विचाराल तर मी तैनानचं नाव घेईन. तैपेईचे शिलिन, राओह हे रात्रीचे बाजार रोज त्याच जागी भरतात आणि पर्यटकांनी ओसंडतात. तैनानचे मोठे बाजार आठवड्याच्या वारांनी फिरतात, आपल्या आठवडी बाजारासारखे. सोमवारपासून रविवारपर्यंतचा मंत्र तिथल्या पोरासोरांना पाठ असतो: "दा-दा-वू-ह्वा-दा-वू-ह्वा." दा म्हणजे दातुंग, वू म्हणजे वूशंग, ह्वा म्हणजे ह्वायुआन. शनिवारी वूशंगबरोबर ह्वायुआनही भरतो. तुम्हाला हा मंत्र पाठ आहे असं दिसलं की भजीवाल्या मावशी, म्हणजे तिथल्या 'आयी', एक तुकडा जास्त टाकतात. निदान मला तरी टाकत.

ऑगस्टमध्ये बहुधा 'भुतांचा महिना' लागतो, चिनी पंचांगाचा सातवा. दुकानांबाहेर टेबलं मांडून फळं, बिस्किटं, शीतपेयं ठेवतात आणि कागदी पैसे जाळतात. या महिन्यात घर घेत नाहीत, लग्न करत नाहीत. पितृपक्ष माहीत असलेल्याला काही समजावून सांगावं लागत नाही. तैनानच्या देवळांच्या गल्ल्यांत हे जास्त दाट जाणवतं.

राहणं, फिरणं, हवा

तैपेईत १९९६ पासून मेट्रो आहे. चकाचक, वेळेवर, इंग्रजी पाट्या. आत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, च्युइंगमसुद्धा नाही. दंड १,५०० डॉलरपासून ७,५०० पर्यंत. तैनानमध्ये मेट्रो नाही. बसची वाट बघायची, सायकल मारायची नाहीतर कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसायचं. दोन शहरांत हायस्पीड रेल्वेने पावणेदोन तास आणि १,३५० डॉलर. पण तैनानचं हायस्पीड स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून पुन्हा लोकल धरावी लागते.

भाडं तैपेईत बरंच जास्त, आणि दोन्हीकडे घरमालक वर्षाचा करार मागतात. त्यामुळे वसतिगृहाची खोली पक्की झाल्याशिवाय तिकीट काढू नका. हवेत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. तैपेई डोंगरांच्या खोलगट वाटीत उकडते आणि दुपारी कोसळते, तैनान उन्हात भाजतं. मुंबईचा मे आठवा. वादळ आलं तर सुट्टी त्या त्या शहराचं प्रशासन जाहीर करतं, म्हणजे तैपेईला सुट्टी आणि तैनानला काम असंही होतं. व्हिसासाठी मात्र आता दिल्ली गाठायला नको, तैवानचं कार्यालय २०२४ पासून मुंबईतही आहे.

माणसं

मला विचाराल तर निर्णय इथे व्हावा, कारण दोन महिन्यांत खरी टंचाई मैत्रीची असते, नूडल्सची नव्हे.

तैपेईत ओळखी पटापट होतात. भाषेच्या वर्गात जपानी, इंडोनेशियन, व्हिएतनामी मुलं असतात. एक तास इंग्रजी, एक तास चिनी अशी अदलाबदल करणारे जोडीदार मिळतात. भारतीयही बरेच, आणि तिथेच मी फसले. पहिल्या शनिवारी पाच भारतीय मुलं भेटली, मग प्रत्येक शनिवारी तीच पाच. मस्त मजा केली, खोटं कशाला बोलू. पण महिन्याभराने लक्षात आलं की दिवसभर लॅबमध्ये इंग्रजी आणि बाहेर हिंदी, चिनी फक्त कॉफी मागवायला.

तैनानमध्ये पहिले दहा दिवस मी रडकुंडीला आले होते. उन्हाळ्यात स्थानिक मुलं घरी गेलेली, विद्यापीठाभोवतीच्या गल्ल्या ओस. लॅबमध्ये उरलेल्या चौघांपैकी एक मास्टर्सची सीनियर होती. तिला नावाने हाक मारायची नाही, 'श्वेज्ये' म्हणायचं, म्हणजे शिक्षणातली ताई. अकराव्या दिवशी तिने काही न विचारता माझ्या हातात हेल्मेट दिलं. त्यानंतर मी दान्-त्सायपासून युचिंगच्या आंब्यापर्यंत जे खाल्लं ते तिच्या स्कूटरच्या मागे बसून.

संध्याकाळी कचरागाडी गाणं वाजवत यायची, आपल्या घंटागाडीची थोरली बहीण. गल्लीतले सगळे पिशव्या घेऊन बाहेर यायचे. तिथे एक आजोबा रोज तैवानी बोलीत विचारायचे, "च्या-पा-ब्वे?" जेवलीस का? हा तिथला जुन्या लोकांचा रामराम आहे. उत्तरात मेन्यू सांगायचा नसतो. मी पहिल्या दिवशी सांगितला. दुसऱ्या दिवसापासून ते मुद्दाम थांबून ऐकायला लागले. तैपेईतही कचरागाडी येते, गर्दीही होते, पण तिथे मला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

म्हणून माझं मत असं: शुद्ध शाकाहारी, चिनीचा एक शब्द न येणारा आणि एकटेपणाने लवकर खचणारा असेल त्याने तैपेईला जावं, त्यात कमीपणा काही नाही. मासे-मटण चालतं आणि दहा दिवस कळ काढायची तयारी आहे, त्याने तैनान घ्यावं. तैपेई शनिवार-रविवारी बघून होते. तैनानची गल्ली शनिवार-रविवारी कळत नाही.

जाल तिथे एक करा. खरेदीच्या बहुतेक छापील पावत्यांवर सरकारी लॉटरीचा नंबर असतो, १९५१ पासूनची पद्धत. सगळ्यात मोठं बक्षीस एक कोटी डॉलर, सगळ्यात छोटं दोनशे. सोडत दर विषम महिन्याच्या २५ तारखेला, म्हणजे तुमच्या जुलै-ऑगस्टच्या पावत्यांची २५ सप्टेंबरला. तेव्हा तुम्ही परत कॉलेजात असाल. मी निघताना पावत्यांचा जाडजूड गठ्ठा श्वेज्येच्या टेबलावर ठेवून आले होते. सप्टेंबरच्या शेवटी 'लाइन' या चॅट ॲपवर तिचा फोटो आला: दोनशेची एक पावती, शेजारी कावडवाल्या नूडल्सचे दोन वाडगे, आणि खाली लिहिलेलं, "तुझाही मीच खाल्ला."