‘सगळं साइन-कॉसमध्ये आणा’: आठ महिने वापरल्यावर

लेक दहावीला, स्टेट बोर्ड. त्यामुळे पंचवीस वर्षांनी माझीही त्रिकोणमिती पुन्हा सुरू झाली. गणित भाग २, प्रकरण ६. ‘सिद्ध करा’ दिसलं की बाईसाहेब पेन खाली ठेवायच्या. शेवटी जुलैत एकच नियम ठरवला: काही सुचेना, तर टॅन, कॉट, सेक, कोसेक सगळ्यांना साइन-कॉसमध्ये उतरवायचं, छेद सारखे करायचे आणि साइन² + कॉस² दिसलं की तिथे १ मांडायचा.

टॅन + कॉट = सेक × कोसेक असली गणितं यात तीन ओळींत सुटतात. (कोन सगळीकडे थीटाच, म्हणून लिहीत नाही.) मोठा फायदा म्हणजे कोरं पान राहत नाही.

पण सगळीकडे हाच हट्ट धरू नका. सेक⁴ − टॅन⁴ = १ + २टॅन² हे तिने साइन-कॉसने केलं, सुटलंही, पण पान भरलं. वर्गांची वजाबाकी म्हणून अवयव पाडले तर सेक² − टॅन² हा अवयव १ होऊन गळतो, उरतं सेक² + टॅन², की झालं. आणि (१ − साइन)/(१ + साइन) वर्गमुळात आलं, तर नववीत करणीच्या छेदाचं परिमेयीकरण करायचो तीच युक्ती: वर-खाली (१ − साइन) ने गुणा. छेदात कॉस² येतो, वर्गमूळ निघून जातं, उत्तर सेक − टॅन.

आता आमची फजिती. उत्तर पडताळायला मी तिला ४५° घालून बघ म्हटलं होतं, किमती सोप्या म्हणून. एकदा तिने सेक² = १ + कॉट² धरून अख्खं गणित केलं. ४५° ला दोन्ही बाजू २! बरोबर म्हणून मी टिक केली. दुसऱ्या दिवशी क्लासच्या सरांनी लाल शाईने गोल केला. ४५° ला साइन आणि कॉस सारखेच, टॅन आणि कॉटही १, त्यामुळे अदलाबदल पकडलीच जात नाही. ३०° घातलं असतं तर एकीकडे ४/३, दुसरीकडे ४. तेव्हापासून ३०°च. अर्थात ही फक्त चूक पकडायची चाळणी. पेपरात सिद्धता म्हणून चालणार नाही.

उंची-अंतराच्या उदाहरणांत मात्र यातलं काहीच उपयोगी पडत नाही. तिथे आधी आकृती नीट काढावी लागते, आणि सध्या घरात वाद त्यावरूनच चालू आहे.